वायर न कापता

माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण, कायमच्या राहायला येणार म्हटल्यावर मी जरा धास्तावलेच होते. एक तर नणंद, त्यात बिनलग्नाच्या, आणि बोलायच्या कमी पण बोलल्या की एका वाक्यात विषय संपवायच्या. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांच्या कारखान्यात मात्र सगळ्याजणी त्यांना कट्टीताई म्हणायच्या. नवीन माणसाला वाटायचं, ह्या बाईने सगळ्यांशी कट्टी घेतलेली दिसतेय. खरं कारण वेगळं होतं.

तो कारखाना गाड्यांचं वायरिंग बनवायचा. गाडीत वायरींचे झुबके असतात, आणि दोन झुबके जिथे एकमेकांत बसतात तिथे प्लॅस्टिकची डबी असते. गॅरेजवाले तिला कपलर म्हणतात. त्या डबीला आत बारीक बारीक घरं असतात आणि प्रत्येक घरात एकेका वायरीच्या टोकाची पिन बसवलेली असते. पिन मागून ढकलायची, 'कट्' असा आवाज आला की ती अडकली. मग वायर हलकेच ओढून बघायची, आली नाही म्हणजे झालं. वन्संची उमेदीची सगळी वर्षं ह्याच कामात गेली. शेजारच्या टेबलावर एखादीची पिन अर्धवट बसली तरी ह्या मान वर न करता म्हणायच्या, "कट् झालं नाही." म्हणून कट्टीताई. पिना ढकलून ढकलून त्यांचा उजवा अंगठा टोकाला चपटा झाला होता.

मालकांनी कारखाना दुसरीकडे हलवला आणि वन्सं रिकाम्या झाल्या. आमचं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं गॅरेज आहे. हे आत काम करतात, मी पुढे काउंटरवर बल्ब, फ्यूज, हॉर्न असलं विकते. हे म्हणाले, "ताई, घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा गॅरेजमध्ये येत जा." त्या आल्या आणि पहिल्याच आठवड्यात बहीणभावाचं वाजलं.

त्याचं असं, की आमच्या ह्यांचा हात सदा कटरवर. कपलर खराब दिसला की वायरी कापायच्या, पीळ मारून जोडायच्या, वरून टेप गुंडाळायची. गिऱ्हाईक बाहेर उभं असतं, त्याला घाई असते, गाडी चालू झाली की तो खूश. वन्संना ते बघवायचं नाही. "एवढी सुबक डबी, आणि तू तिचा गळा कापतोस," त्या म्हणाल्या.

"मग काय करू? पिना आत अडकलेल्या असतात. बाहेर काढायला गेलं की डबी फुटते. तू काढून दाखव."

वन्सं कापलेली डबी घेऊन घरी निघून गेल्या. मला नवल वाटलं. मग संध्याकाळी कणीक मळता मळता त्या मला म्हणाल्या, "वहिनी, एक गंमत सांगू? मी आजवर लाखांनी पिना आत घातल्या असतील, पण बाहेर एकही काढलेली नाही. चुकली पिन की डबी दुरुस्तीच्या टेबलावर जायची. तिथे वेगळ्या बाया होत्या. त्यांची हत्यारं आम्हाला हातात घ्यायची परवानगी नव्हती."

आणि मग व्हॅनवाल्या बाई आल्या.

ह्या बाईंचे दोन्ही पाय लहानपणापासून अधू. त्यांच्या व्हॅनला ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हातानेच चालवायची सोय होती आणि मागे चाकाच्या खुर्चीसकट माणसाला वर उचलणारी लिफ्ट होती. त्या स्वतःसारख्याच, चालता न येणाऱ्या माणसांना दवाखान्यात, कामावर, कुठे कुठे पोचवायच्या. एक दिवस त्यांच्या इमारतीसमोरची पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली आणि तळघरातलं पार्किंग भरलं. व्हॅन सीटपर्यंत पाण्यात. पाणी उपसलं, इंजिनवाल्याने इंजिन चालू करून दिलं, पण गाडीची वीज वेड्यासारखी वागायला लागली. वायपर आपोआप फिरत होते, दरवाजे मनाला येईल तेव्हा लॉक होत होते आणि लिफ्ट तर मेल्यासारखी पडली होती. एका मोठ्या वर्कशॉपने हात वर केले, म्हणाले, ह्या मॉडेलचं वायरिंग आता बनत नाही, गाडी भंगारात द्या.

आमच्या ह्यांनी डॅशबोर्डखालचा एक कपलर उघडला. आत पिनांवर हिरवी बुरशीसारखी पूड चढली होती. त्यांनीही मान हलवली. "बाई, खोटं कशाला सांगू? असे कपलर गाडीभर आहेत. सगळे कापून जोडत बसलो तर जोडांचंच जाळं होईल. आज चालेल, उद्या पेटेल."

बाई खुर्चीत ताठ बसून होत्या. म्हणाल्या, "गाडी गेली तर मी घरात. आणि मी घरात म्हणजे माझ्या भरवशावर असलेले सगळेच घरात."

मागून वन्संचा आवाज आला. "मी करते."

हे वळले. "काय करतेस?"

"एकेक पिन काढते, साफ करते, परत बसवते."

"ताई, तुला पिन काढता येत नाही."

"शिकते."

बाईंनी वन्संकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "किती वेळ लागेल?"

"माहीत नाही. पण अर्ध्यावर सोडणार नाही, एवढं सांगते."

बाई म्हणाल्या, "ठेवा गाडी."

खरं सांगते, मी तेव्हा वन्संच्या बाजूने नव्हते. आमच्या गॅरेजात जेमतेम दोन गाड्या मावतात, त्यातली एक जागा अशी अडकून पडणार. रात्री मी ह्यांच्याकडे कुरकुर केली. हे म्हणाले, "दोन डब्या फोडेल, आपणहून थांबेल. तू मध्ये पडू नकोस."

दोन डब्या फुटल्या, अगदी पहिल्याच दिवशी. वन्संनी बारीक स्क्रू-ड्रायव्हर समोरून घरात घातला, मागून वायर ओढली आणि आतली प्लॅस्टिकची जीभ टचकन मोडली. दुसऱ्या डबीचंही तेच. पिनेला अडकवणारी जीभच गेली म्हणजे पिन आत टिकणार कशी? गाडी दोन खड्डे ओलांडेपर्यंत ती मागे सरकणार. दुपारभर वन्सं शटरबाहेर एका जुन्या टायरवर बसून होत्या, मांडीवर त्या दोन फुटक्या डब्या. मी चहा नेऊन दिला. म्हटलं, "वन्सं, होतं असं. नका मनाला लावून घेऊ."

त्या म्हणाल्या, "मनाला नाही लावून घेत. मी चुकीच्या ठिकाणी शिकतेय. गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात साफ करायचा नसतो." चहा एका घोटात संपवून त्या उठल्या आणि भंगारवाल्याकडे गेल्या.

भंगारवाल्याचं आवार आमच्या मागच्या रस्त्याला. माणूस जाडजूड, सदा बाजेवर आडवा, पण जीभ मात्र उभी. वन्संनी त्याला सांगितलं, मला मोडक्या गाड्यांचे कपलर हवेत, इथेच बसून काढायचेत. तो म्हणाला, "ताई, लोक इथे इंजिनं न्यायला येतात. तुम्ही मेलेल्या गाड्यांचे दात काढायला आलात?" पण त्याने एक मोडका बाक दिला आणि वर पत्रा टाकून सावली करून दिली. नंतर ह्यांना भेटला तेव्हा म्हणाला, "तुमच्या बहिणीने माझ्या निम्म्या गाड्या बोळक्या केल्या."

वन्सं आठवडाभर तिथे बसल्या. फुटायची ती डबी बाजूला टाकायची, दुसरी घ्यायची. आधी त्यांनी काय केलं असेल, तर करवतीने एक कपलर मधोमध चिरला आणि आतलं घर उघडं करून बघितलं. कितीतरी वर्षं त्यांनी 'कट्' ऐकलं होतं, ते नेमकं कुठे होतं हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. काही डब्यांत पिनेच्या पाठीवर पत्र्याचा बारीक काटा उभा असतो, तो घराच्या खाचेत अडकतो. काहींत पिन सपाट असते आणि डबीचीच जीभ तिला वरून दाबून धरते. काटा असेल तर तो खाली दाबायचा, जीभ असेल तर ती वर उचलायची. न बघता एकाला दुसऱ्याचं औषध दिलं की मोडतोड ठरलेली.

घरी येऊन त्यांनी मला ते इतक्या आनंदाने सांगितलं, की मी भाजी करपवली.

"आणि वहिनी, ओढायचं नाहीच मुळी! पिन बाहेर काढायची तर आधी आत ढकलायची. केसभर. मग काट्यावरचा ताण जातो. मग दाबायचं, आणि मग वायर नुसती बोलवायची. येते आपोआप."

"आणि नाही आली तर?"

"तर चूक आपली. तिला ओढून काय होणार?"

हत्यार मात्र धड मिळेना. स्क्रू-ड्रायव्हर जाड, सुई नको तितकी टोकदार. शेवटी वन्संनी स्वतःच्या छत्रीची एक काडी मोडली, दगडावर घासून पातळ केली, टोक बोथट ठेवलं आणि मागे लाकडाची मूठ बसवली. माझ्या केसांच्या पिनांचंही असंच काहीतरी झालं. मी महिनाभर केस रबराने बांधत होते.

मग त्या व्हॅनकडे परत आल्या. कपलर उघडायच्या आधी मोबाइलवर त्याचे पुढून-मागून फोटो. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर घराचा आकडा. माझा केस वाळवायचा ड्रायर त्यांनी मागून घेतला, कारण जुनं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, जरा ऊब दिली की लवतं आणि फुटत नाही. मग केसभर ढकलायचं, काडी आत, दाबायचं, बोलवायचं. पिना एकामागून एक बाहेर यायला लागल्या. हिरवी पूड बारीक ब्रशने खरवडायची, स्प्रेने धुवायची. एखादी पार सडलेली निघाली तर भंगारातून काढून आणलेली चांगली पिन वायरीला चेपून लावायची. फुटलेल्या दोन डब्यांच्या जागी तशाच दोन डब्याही भंगारातच मिळाल्या. काम गोगलगायीच्या चालीने होत होतं, पण होत होतं.

मध्येच एकदा ठिणगी पडली. वन्सं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. इकडे ह्यांचा धीर सुटला. दुसरं गिऱ्हाईक जागेसाठी मागे लागलं होतं, म्हणून ह्यांनी मागच्या दिव्यांचा कपलर सरळ कापला, वायरी जोडून टेप मारली. वन्सं आल्या, वाकून बघितलं.

"हे तू कापलंस?"

"कापलं, जोडलं, दिवे लागले. संपलं."

"संपलं नाही. मी बाईंना शब्द दिलाय."

"ताई, गॅरेज माझं आहे!"

"गॅरेज तुझं. शब्द माझा." एवढं बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. भांडायलासुद्धा थांबल्या नाहीत. हे त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मी दोघांना वाढत होते आणि मनात म्हणत होते, कट्टी म्हणतात ती हीच.

सगळ्यात शेवटी लिफ्टचा कपलर राहिला. तो मागच्या सीटखाली, जमिनीलगत, त्यामुळे सगळ्यात जास्त पाणी त्यानेच प्यायलेलं. डबी मोठी, तीन ओळी पिनांच्या, आणि तसली डबी भंगारवाल्याच्या अख्ख्या आवारात नव्हती. फुटली तर दुसरी मिळणार नव्हती. त्या दिवशी बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "मला बघायचंय. जे काही होईल ते माझ्यासमोर होऊ दे."

मी टॉर्च धरून बसले. वन्संनी नवीन चष्मा चढवला, डबीला ऊब दिली, पिन केसभर ढकलली, काडी घालून जीभ उचलली, आणि वायर बोलवली. वायर हलेना. पुन्हा एकदा केलं. नाही. दुसऱ्या घरातली पिन, तीही नाही. हे लांबून बघत होते. ते पुढे आले आणि हळूच म्हणाले, "ताई, जरासा जोर लावून..."

"नाही."

"नाहीतर मी—"

"नाही म्हटलं ना." त्यांनी काडी खाली ठेवली, हात पुसले. "मी जोर लावला तर ती मोडेल आणि तुला कटर चालवावा लागेल. काहीतरी माझ्या नजरेतून सुटतंय. थांब."

त्या डबी फिरवून फिरवून बघत राहिल्या. बाई म्हणाल्या, "मी कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश वापरून माझ्या खुर्चीच्या चाकातली माती काढते. उपयोग होईल का?"

वन्संनी ब्रश मागवला. चिखलाचा एक वाळका थर निघाला आणि खाली डबीच्या कडेला एक पांढरट पट्टी दिसायला लागली. ती डबीच्या रंगाची नव्हती. वन्सं एकदम हसल्या. "अगं बाई! हिला कुलपं दोन आहेत. हे दुसरं कुलूप घट्ट बसलंय, आणि मी बसलेय पहिलंच उघडत." त्यांनी ती पट्टी काडीने किंचित बाहेर सरकवली. मग पिन ढकलली, जीभ उचलली, वायर बोलवली, आणि ती लोण्यातून निघावी तशी बाहेर आली.

ह्यांनी स्टूल ओढलं आणि निघालेल्या पिना एकेक करून साफ करायला घेतल्या.

परत बसवताना वन्संचा चपटा अंगठा बघण्यासारखा चालला. कट्, ओढून बघ. कट्, ओढून बघ. एका पिनेने आवाज केला नाही. ती पुन्हा बाहेर काढली, तिची कड जरा वाकडी होती, ती सरळ केली, पुन्हा ढकलली. कट्. शेवटी पांढरी पट्टी आत दाबली आणि बॅटरी जोडली.

लिफ्टचं बटण बाईंनीच दाबलं. हॉर्न वाजायला लागला. लिफ्ट जागची हलली नाही, हॉर्न मात्र असा बोंबलला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मला हसू आवरेना, आणि वन्संचा चेहरा पडलेला बघून हसताही येईना. त्या फोटो ताडून बघायला लागल्या. एवढ्यात हे मीटर घेऊन आत शिरले, एकेका वायरीवर सुया टेकवल्या आणि ओरडले, "ताई, तपकिरीवर पांढरी रेघ आणि पांढरीवर तपकिरी रेघ! चिखलाने दोन्ही सारख्याच झाल्यात. तुझ्या चिकटपट्ट्या इथे उलटसुलट लागल्यात."

"माझीच चूक," वन्सं म्हणाल्या. "दे इकडे."

"थांब. मला दाखव, मी काढतो." ह्यांनी हात पुढे केला. वन्संनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि छत्रीची काडी त्यांच्या हातात दिली. "आधी आत ढकल. केसभर. हं. आता दाब. ओढू नकोस रे! बोलव."

ह्यांच्या हातून पिन बाहेर आली. माझ्या नवऱ्याच्या तोंडावर मी एवढा आनंद आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

ह्या वेळी बटण दाबलं तेव्हा लिफ्ट कुरकुरली, थबकली, आणि मग संथपणे खाली आली. बाईंनी खुर्ची तिच्यावर नेली, वर गेल्या, पुन्हा खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. वन्संचं कारखान्यातलं नाव मीच त्यांना सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "कट्टीताई, या, बसा माझ्या मांडीवर, तुम्हालाही एक फेरी मारून आणते." वन्सं लाजल्या. वन्संना लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

सगळंच काही जमलं नाही. पेट्रोलचा काटा आजतागायत मेलेला आहे, तो अर्ध्यावरच उभा असतो. बाई म्हणतात, राहू दे, तेवढाच आशावाद. मागच्या दिव्यांचा तो कापलेला जोड मात्र ह्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः सोडवला. भंगारवाल्याकडून तसलाच कपलर आणला आणि वन्संना शेजारी बसवून एकेक पिन त्यात नीट बसवली. बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा तिथे टेपचा एक तुकडाही नव्हता.

व्हॅन पुन्हा रस्त्यावर दिसायला लागली तसं लोक विचारायला लागले. आता खिडकीजवळ वन्संचं वेगळं टेबल आहे. ज्या मोठ्या वर्कशॉपने गाडी भंगारात द्या म्हटलं होतं, तिथला फोरमन कधीकधी स्वतः येऊन बसतो. चांगला माणूस आहे, वायरिंगचे नकाशे वाचायला त्यानेच वन्संना शिकवलं, आणि त्या त्याला काड्या घासून देतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम कमी करा म्हणून सांगितलंय. वन्संनी काम कमी केलं नाही, टेबल खिडकीला आणखी चिकटवलं आणि मोठं भिंग आणलं. दर थोड्या वेळाने उठून त्या दारात येतात आणि रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत उभ्या राहतात, डोळ्यांना विसावा म्हणून. मी काउंटरवरून विचारते, "काय वन्सं, दमलात?"

"दमले नाही," त्या म्हणतात, "पुढच्या डबीचं कुलूप कुठे असेल त्याचा विचार करतेय."